खोबरेकरांचा घरचा समुद्र

विनीत खोबरेकरच्या पडवीपासून समुद्र तीस पावलांवर आहे. भरतीच्या वेळी पंचवीस. अशा माणसाच्या दारात मे महिन्याच्या भर दुपारी कुरिअरवाला खोकं घेऊन घामाने निथळत उभा राहिला.

"वीस किलो आसा काका. काय मागवलास, शिमीट?"

"मीठ," विनीत म्हणाला.

कुरिअरवाल्याने समुद्राकडे पाहिलं, मग विनीतकडे, मग पुन्हा समुद्राकडे. सही घेताना त्याने एवढंच विचारलं, "बाहेरगावचा आसा?"

"जर्मनीचं."

"मगे बराबर," असं म्हणून तो गाडीला किक मारून निघून गेला.

हे मीठ समुद्र बनवण्याचं होतं. कमी खर्चात घरच्या घरी समुद्र कसा करावा, यावर नागपूरच्या कोणा गृहस्थाने चौदा भागांची व्हिडिओमाला काढली होती आणि विनीतने ती तीनदा पाहिली होती. काचेची लहानशी टाकी, तिच्यात खारं पाणी, तळाशी प्रवाळाचा खडक आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे. पहिल्याच भागात नागपूरकराने बोट उगारून बजावलं होतं की टाकीत समुद्राचं पाणी कधीही घालू नये, त्यात रोगजंतू असतात. नागपुरात बसून हे सांगायला काहीच अडचण नव्हती. विनीतने मात्र ते इतकं मनावर घेतलं की त्या दिवसापासून खिडकीतून दिसणाऱ्या अख्ख्या अरबी समुद्राकडे तो जरा संशयाने बघू लागला.

विनीतची बायको शर्मिला सर्जेकोटच्या या घराच्या ओटीवर अकरा वर्षं खानावळ चालवते. टेबलं चार. दारावर पाटी नाही, पण मालवणच्या स्टँडवर उतरलेल्या माणसाने ताज्या माशांची चौकशी केली की रिक्षावाले त्याला इथेच आणून सोडतात. याला कारणं दोन, शर्मिलाचा हात आणि सुशीलाकाकींची मासळी. सुशीलाकाकी पहाटे जेटीवर पाटी भरतात, ती आधी शर्मिलाच्या दारात उतरते आणि मग बाजारात जाते. या सगळ्यात विनीतचा वाटा म्हणजे पाण्याचे ग्लास भरणं आणि उष्टी ताटं उचलणं. तो पूर्वी पतपेढीत कारकून होता. पतपेढी बंद पडली आणि तेव्हापासून त्याने आपलं म्हणून काहीतरी उभं करण्याचा ध्यास घेतला. न्हाणीघरात त्याने अळिंबी लावली. ती उगवली, पण दुसरीच कुठलीतरी उगवली. छपरावर मासे सुकवायचं सौर कपाट केलं. त्यात गावातल्या मांजरांनी तीन दिवस पंगती झोडल्या आणि चौथ्या दिवशी एक मांजर तिथेच व्याली.

त्यामुळे टाकीचा विषय निघाला तेव्हा शर्मिलाने आधी तव्यावरचा बांगडा उलटला आणि मग विचारलं, "किती दिस?"

"एकवीस. पाणी तयार व्हायला एकवीस दिवस लागतात."

"पाणी तयार जाता म्हणजे? पाणी असताच."

"त्यात जिवाणूंची वाढ होते. नायट्रोजन चक्र पूर्ण होतं." विज्ञान बोलायचं झालं की विनीत मालवणी सोडून छापील मराठीत शिरायचा.

शर्मिलाने त्याच्याकडे नीट पाहिलं. पतपेढी बंद पडल्यापासून तो तिच्याकडे स्वतःसाठी काही मागतच नसे. जे करायचं ते न विचारता करी आणि मग निस्तरायला ती असे. या वेळी तो विचारत होता.

"कोपऱ्यातला चवथा टेबल घेवा," ती म्हणाली. "एकवीस दिस. तेच्या फुडे थंय एकतर मासो पोवतलो, नायतर पावणो जेवतलो."

टाकी आली कुडाळच्या एका डॉक्टरच्या दवाखान्यातून. तिथले गोल्डफिश एकामागून एक मेल्यावर रोग्यांचा धीर सुटायला लागला, म्हणून डॉक्टरने ती विकायला काढली होती. पाण्यासाठी नागपूरकराने शुद्धीकरणाचं यंत्र सांगितलं होतं. ते परवडणारं नव्हतं, तेव्हा विनीतने घरच्या विहिरीचं पाणी घेतलं आणि त्यात पाकिटावरच्या मापाने जर्मन मीठ ढवळलं. मे महिन्यात समुद्राकाठच्या विहिरीचं पाणी आधीच मचूळ झालेलं असतं, हे पाकिटावर छापलेलं नव्हतं. शर्मिलाने येता-जाता बोट बुडवून जिभेला लावलं.

"ह्या पाण्यात आंबे घातलंव तर वरीसभर टिकतले," ती म्हणाली. "मासो सांजपर्यंत टिकाचो नाय."

मग थोडं पाणी काढून टाकीत गोडं पाणी घालायचं ठरलं. पण काढलेल्या पाण्यात जर्मन मीठ होतं, ते ओतून कसं द्यायचं? विनीतने ते 'साठा' म्हणून शर्मिलाच्या टोपात भरलं. एक टोप पुरला नाही. दुसरा घेतला, मग तिसरा. घरात मोठे टोप तेवढेच होते. ते तिन्ही झाकणं लावून ओळीने भिंतीला बसले आणि शर्मिला पाहुण्यांचा भात दोन खेपांत लावू लागली.

प्रवाळाचं तसंच. खरं प्रवाळ समुद्रातून उचललं तर सरकार माणसालाच उचलतं, हे विनीत जाणून होता. नागपूरकराच्या सातव्या भागात सिमेंटचं प्रवाळ करायची कृती होती. चार दिवसांनी शर्मिलाला चकलीचा सोऱ्या जागेवर दिसेना. तो मागच्या पडवीत सापडला, आत सिमेंट गच्च धरलेला.

"ह्यां काय?"

"प्रवाळाच्या फांद्या पाडल्या. बाहेरून आणायच्या तर केवढ्याला पडल्या असत्या ठाऊक आसा?"

"आणि चतुर्थेक चकल्यो कशान पाडू?"

विनीतने याचा विचार केला नव्हता. फांद्या त्याने टाकीत मांडल्या. लांबून त्या बिघडलेल्या चकल्यांसारख्या दिसत, जवळून तर अगदीच तशा. शिवाय त्यांतून सिमेंट सुटून पाणी पेजेसारखं पांढरं झालं.

"बसेल," विनीत म्हणाला. "चक्र सुरू झालं की पाणी निवळतं."

चक्र सुरू होण्यासाठी टाकीत काहीतरी कुजावं लागतं. नागपूरकराने स्पष्ट सांगितलं होतं की दुकानातून एक कोळंबी आणावी आणि पाण्यात सोडून द्यावी. ती कुजली की तिच्यातून जो वायू सुटतो तो खायला जिवाणू जमतात. नागपूरकराची टाकी गच्चीवर होती. विनीतची होती ओटीवर, तिसऱ्या टेबलापासून हातभर अंतरावर, जिथे माणसं केवळ ताज्या मासळीसाठी येऊन बसत.

पहिलं सुंगट, म्हणजे नागपूरकराची कोळंबी, झाकणाखाली मुकाट्याने कुजलं. शर्मिलाने धूप घातला, तिसरं टेबल पुढे ओढलं आणि दिवस मोजत राहिली. पण पंधराव्या दिवशीही पाणी पांढरंच होतं. तेव्हा विनीतने बाराव्या भागाच्या आधारे दुसरं सुंगट सोडलं, या खेपेला थोरलं. मे महिन्याच्या उकाड्याने त्याला दोन दिवसांत जी कळा आणली ती झाकणाला काही आवरेना.

बुधवारी दुपारी कोल्हापूरचं एक जोडपं जेवायला बसलं. शर्मिलाने सुंगटांचं सुकं वाढलं. नवऱ्याने घास उचलला, नाकाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

"काकू, ही ताजी हाईत न्हवं?"

शर्मिलाचा वाढता हात थांबला. अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

"सकाळची आसत."

"न्हाई, जरा वास येतोय म्हणून इचारलं."

दोघांनी डाळ-भात खाल्ला, पैसे पूर्ण दिले आणि धोंडूच्या रिक्षातून गेले. धोंडूच्या रिक्षात बोललेलं संध्याकाळपर्यंत मालवणच्या बाजारात पोचतं, त्याला व्हिडिओ लागत नाही.

गुरुवारी सकाळी सुशीलाकाकी आल्या. त्यांनी डोक्यावरची पाटी उतरवली नाही.

"गो शर्मिला, माझी सुंगटां वास मारतत?"

"कोण सांगता, काकी?"

"कोण सांगना नाय तां विचार. माझो घोव गेलो तेव्हा इली नाय तेवढी माणसां काल माका विचारूक इली."

शर्मिलाला मांजरावर ढकलता आलं असतं, गटारावर ढकलता आलं असतं. पण चाळीस वर्षं मासळी विकणाऱ्या बाईसमोर वासाच्या बाबतीत खोटं बोलायची तिची छाती झाली नाही.

"तुमची सुंगटां बरी आसत काकी. ह्यांनी टाकयेत एक सुंगट कुसत घातल्यानी."

"चुकान पडला?"

"नाय. जाणून."

सुशीलाकाकींना हे काही केल्या कळेना. तेवढ्यात विनीत मदतीला धावला, आणि तेच वाईट झालं.

"काकी, कुजणाऱ्या कोळंबीतून अमोनिया सुटतो. तो खायला जिवाणू येतात. मग त्याचं नायट्राइट..."

"सुंगट खयचा?"

"तुमचंच. चांगलं मोठं बघून घेतलं."

काकींनी डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"माझी सुंगटां शिळी म्हटलं असतंस, तर भांडान मोकळी जालंय असतंय," त्या म्हणाल्या. "फाटफटी उठान जेटीर जातंय, बर्फात हात घालून एकेक सुंगट निवडतंय. आणि तू ताजा सुंगट घेवन कुसवतंस? थोरला बघून?"

"काकी, विज्ञान असं आहे की..."

"तुझ्या इज्ञानाक सांग, दुसऱ्या पाटयेतला खा."

डोक्यावरची पाटी तशीच घेऊन त्या वळल्या आणि वाटेला लागल्या.

"रागावली काय गो?" विनीतने विचारलं.

शर्मिला म्हणाली, "नाय. नाचत गेली."

शनिवारी सांगलीचे बारा शिक्षक जेवायला यायचे होते. त्यांच्या हेडमास्तरांनी शिमग्यालाच फोन करून सांगून ठेवलं होतं की आम्हाला मटण-चिकन नको, फक्त मासे. हे गृहस्थ दर मे महिन्यात माणसं पाठवत. बारा माणसांना खानावळीत मासळी नाही असं सांगायची वेळ आली, तर त्यांच्यामागून येणाऱ्या रिक्षा दुसऱ्या दारात थांबल्या असत्या, आणि दारावर पाटी नसलेल्या घराला एवढं पुरतं.

शुक्रवारी सकाळी शर्मिला स्वतः बाजारात गेली. मालवणच्या बाजारात एका पाटीचा अपमान झाला की बाकीच्या पाट्या झाकल्या जातात. सुशीलाकाकींची भाची दिव्या हिने शर्मिलाला येताना बघून पाटीवर गोणपाट ओढलं.

"संपली गो वयनी."

गोणपाटाखालून सुरमईची हातभर शेपटी बाहेर आली होती. शर्मिलाने शेपटीकडे पाहिलं, दिव्यानेही पाहिलं.

"ती कोणाची?"

"सांगून ठेवलेली आसा."

पुढे सगळीकडे सांगूनच ठेवलेली होती. शर्मिला रिकामी पिशवी घेऊन घरी आली तर विनीत घरात नव्हता. तो सकाळच्या गाडीने कोल्हापूरला मासे आणायला गेला होता, कारण कॅलेंडरवर शनिवार हा एकविसावा दिवस होता. पाणी अजून पेजेसारखंच होतं, पण विनीतचा डोळ्यांपेक्षा कॅलेंडरवर विश्वास जास्त. टाकीला त्याने चिठ्ठी चिकटवली होती. 'पाण्याला हात लावू नये. साठ्यालाही.'

शर्मिलाने चिठ्ठी वाचली, पदर खोचला आणि भरतीचं गणित बोटांवर केलं. दुपार कलल्यावर पाणी ओसरलं तेव्हा ती कोळंबच्या खाडीत गुडघाभर चिखलात होती. तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला ती लग्नाआधी आईबरोबर जात असे. पंचवीस वर्षांत कमरेचा सराव गेला होता, हाताचा गेला नव्हता. दिवेलागणीच्या आत ती दोन पिशव्या भरून घरी आली.

तिसऱ्या खाडीतून आणल्या की रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवाव्या लागतात. त्या पाण्यात तोंड उघडून पोटातली वाळू टाकतात. तसं केलं नाही तर जेवणाऱ्याच्या दाताखाली खाडी येते. त्यासाठी मोठं भांडं हवं होतं, आणि मोठी भांडी तिन्ही जर्मन मिठाने भरलेली होती. शर्मिलाने टोपांकडे पाहिलं. मग टाकीकडे पाहिलं. टाकीला वास येत होता. काहीतरी ओतायचंच झालं तर काय ओतावं, याला तिला फार विचार करावा लागला नाही.

एकवीस दिवसांचं चक्र तिने घमेल्या-घमेल्याने माडाच्या मुळात ओतलं. सुंगटाचं जे काही उरलं होतं ते कावळ्यांनीही आधी लांबून बघून घेतलं. टाकी तिने चिंच आणि काथ्या घेऊन इतकी घासली की डॉक्टरच्या दवाखान्याच्या वेळचे डागसुद्धा गेले. सिमेंटच्या फांद्या फेकायला उचलल्या होत्या. पण प्रत्येकीच्या टोकाला विनीतने काडीने टोचून बारीक बारीक भोकं पाडलेली दिसली, खऱ्या प्रवाळाला असतात तशी. इतक्या फांद्या, आणि एकही भोक वाकडं नाही. तिने त्या धुतल्या आणि होत्या तशा मांडल्या. मग दोन बालद्या घेऊन ती तीस पावलं गेली आणि तीस पावलं आली, असं सात वेळा. रोगजंतूंसकट टाकी भरली आणि जाळीच्या टोपलीत घालून तिने तिसऱ्या आत सोडल्या.

सकाळी तिसऱ्या काढून घेतल्या तेव्हा टाकीतलं पाणी असं होतं की आत पाणी आहे हे बोट घातल्यावर कळावं. बालद्यांमधून आलेला गढूळपणा रात्रभरात तिसऱ्यांनी पिऊन टाकला होता.

दहा वाजता विनीत पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी पोटाशी धरून बसमधून उतरला आणि ओटीवर येऊन जागीच थांबला.

"शर्मिला."

"काय?"

"एकविसावा दिवस," तो म्हणाला. "वासही गेलो गो. सगळो गेलो. चक्र पुरा जाला."

शर्मिला चुलीपाशी खोबरं भाजत होती. सांगून टाकायला हीच वेळ होती, आणि वाक्यही फार लांब नव्हतं. तिने खोबरं परतलं.

"होय," ती म्हणाली. "माकाय तसाच वाटला."

बारा वाजता शिक्षक आले. तिसऱ्यांचं सुकं, तिसऱ्यांची आमटी, तिसऱ्यांची भजी. हेडमास्तरांनी तीनदा मागून घेतलं. जेवता जेवता सगळे टाकीकडे बघत होते आणि विनीत ग्लास भरायचे सोडून त्यांना नायट्रोजन समजावत होता. पतपेढीत कर्जाचे नियम सांगताना त्याचा जसा आवाज लागायचा तसा लागला होता. शर्मिला आतून तो ऐकत होती.

धोंडूच्या रिक्षाने ही बातमीही पोचवली. दोनच्या सुमारास सुशीलाकाकी रिकामी पाटी काखेत घेऊन मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात आल्या.

"कोणाच्या पाटयेतली?"

"कोणाच्याच नाय काकी. खाडयेतली. तिसऱ्यो."

"कोणी काढल्यान?"

शर्मिलाने हात पदराला पुसले. काकींनी तिचा हात धरून उलटा केला. नखांत काळा चिखल अजून होता.

"कमर धरली आसतली," काकी म्हणाल्या.

"धरलीहा."

एवढ्यात काकींचा आवाज ऐकून विनीत आत आला आणि त्यांना जवळजवळ ओढतच टाकीपाशी घेऊन गेला. काकींनी आधी वास घेतला. वास नव्हता. मग आत पाहिलं. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे सिमेंटच्या चकल्यांमागे अंग चोरून उभे होते. त्यांच्या समोरून बोटाच्या पेराएवढा एक चंदेरी मासा घर आपलं असल्यासारखा इकडून तिकडे फिरत होता.

"दोन मी हाडलंय," विनीत म्हणाला, आणि मग मास्तरांना ऐकू जावं म्हणून छापील मराठीत गेला. "तिसरा आपोआप आला. अकराव्या भागात सांगितलंच आहे. चक्र पूर्ण झालं की टाकीत जीव आपसूक दिसू लागतात. याचं शास्त्रीय नाव मी शोधतोय."

ते बोयचं पिल्लू होतं. किनाऱ्याच्या पाण्यात बालदी बुडवली की दोन-चार आत येतातच. विनीतने जन्मभर बोय खाल्ला होता, पण तो त्याला नेहमी ताटात भेटलेला, मसाला लावलेला. हेडमास्तर माशाचा फोटो काढत होते. दोन शिक्षिका वाकून बघत होत्या. काकींनी पडवीत उपड्या घातलेल्या दोन बालद्या पाहिल्या, त्यांच्या काठाची वाळू पाहिली, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात शर्मिला पळी धरून उभी होती. तोंड तिने भिंतीकडे केलं होतं, पण पळी हलत नव्हती.

एक वाक्य पुरलं असतं. बारा शिक्षकांसमोर, थोरल्या सुंगटाचा सगळा हिशेब एका वाक्यात चुकता झाला असता, आणि काकींना वाक्यांची कधी वाण पडलेली नव्हती.

"आपोआप इलो?" त्यांनी विचारलं.

"आपोआप."

काकींनी वाकून त्या पिल्लाकडे पाहिलं.

"बरा जाला रे," त्या म्हणाल्या. "शिकलेल्या माणसाकडे काय्यव येता."

विनीतचा चेहरा उजळला. काकी स्वयंपाकघरात गेल्या, रिकामी पाटी त्यांनी शर्मिलाच्या पायाशी उपडी घातली आणि त्या पाटीवरच बसल्या.

"उद्याक सुंगटां किती देव गो?"

"दोन वाटे," शर्मिला हळूच म्हणाली.

"देतंय. पण माझ्या डोळ्यादेखत कढयेत पडाक व्हयी. सगळी. तुझो घोव ओटयेर असताना मी हयसून उठाचंय नाय."